रंगवलेल्या पडद्यातले खरे दार

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी राजवाड्याचा एक पडदा आहे. तो कोणी रंगवला आणि कधी, हे आता कोणालाच सांगता येत नाही. खांब, झुंबर, मागे निळसर टेकडी आणि मधोमध एक भले मोठे दार. या दारातून आजवर कोणी आत आले नव्हते की बाहेर गेले नव्हते. राजा असो की शिपाई, सारे आपले विंगेतून यायचे. गेल्या संमेलनात मात्र आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी हट्ट धरला की राजा दारातूनच आला पाहिजे. पडद्याला मधोमध चौकोन कापला गेला, आणि त्या जागी सुताराकडून मागून आणलेले, कडी-कोयंड्याचे खरे दार उभे केले गेले. पहिला प्रवेश फार रंगला. राजाने दार उघडताच टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे प्रवेश संपला, राजवाडा दोरीने वर गेला, मागचा अरण्याचा पडदा दिसू लागला, आणि दार जागच्या जागी! वनवासाला निघालेली आमची सातवीतली सीता भर अरण्यात एका सागवानी दारासमोर येऊन उभी राहिली. लक्ष्मणाला काय सुचले कोण जाणे, त्याने पुढे होऊन कडी लावून घेतली.

सारा मंडप हसला. पण सगळ्यांत जास्त हसला तो माझा एक जुना विद्यार्थी. तो हल्ली पुण्याला संगणकाचे प्रोग्राम लिहितो. संमेलन संपल्यावर डोळे पुसत तो म्हणाला, "सर, माझे निम्मे आयुष्य याच दारापायी चालले आहे."

मी मॅट्रिक झालेला माणूस. कादंबऱ्या लिहितो, मुलांना मराठी आणि इतिहास शिकवतो, आणि संगणकाच्या पोटात काय चालते ते आपल्याला कळत नाही, असे आजवर थोड्याशा ऐटीतच सांगत आलो आहे. परंतु त्या रात्री मंडपातल्या सतरंज्या गुंडाळताना त्याने जे सांगितले, आणि त्यानंतर मी जे धुंडाळून वाचले, त्यात मला एक इतिहास सापडला. तोच आज सांगणार आहे. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारण्याचे कारण नाही. विषय नावावरून वाटतो तितका कोरडा नाही.

प्रथम दाराची गोष्ट स्पष्ट करून घेऊ. संगणकाच्या पडद्यावर आपण जे बटण दाबतो, ज्या चौकटीत नाव लिहितो, ती चौकट दोन तऱ्हांची असू शकते. पहिल्या तऱ्हेत प्रोग्राम लिहिणारा यंत्राच्या मूळ व्यवस्थेला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, एवढेच सांगतो की मला येथे एक चौकट हवी. ती चौकट व्यवस्था स्वतः बनवते, स्वतः रंगवते, कळफलकावरचे अक्षर स्वतः ऐकते. ही त्या यंत्राच्या घरची वस्तू. हे लोक तिला 'नेटिव्ह' म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रोग्राम लिहिणारा चौकटीचे नुसते चित्र काढतो. बोट कोठे पडले याचा हिशेब तोच ठेवतो, अक्षरेही तोच रंगवतो. पहिले दार सुताराचे, दुसरे रंगाऱ्याचे. पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि खरी पंचाईत सुरू होते ती रंगाऱ्याच्या पडद्यात सुताराचे दार बसवायची वेळ येते तेव्हा.

ही वेळ का येते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी भरल्या सभागृहात संगणकाचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात माऊस प्रथमच लोकांपुढे आला, आणि एकाच पडद्याचे निरनिराळे भाग करून त्यांत निरनिराळा मजकूर दाखवता येतो हेही दिसले. पुढे कॅलिफोर्नियातच झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगॉल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी एकावर एक पडलेल्या खिडक्या केल्या. टेबलावर कागद पसरलेले असावेत तशा. १९७९ च्या अखेरीस स्टीव्ह जॉब्स आपल्या माणसांना घेऊन हे पाहायला गेले. त्यांत बिल अ‍ॅटकिन्सन नावाचा एक तरुण होता.

या अ‍ॅटकिन्सनची हकीकत मला फार आवडते. एक खिडकी दुसरीखाली अर्धी झाकली गेली असतानाही तिचा जो भाग उघडा राहतो तेवढाच, अगदी नेमका, रंगवला जातो, असे आपण पार्कमध्ये पाहिले, अशी त्याची समजूत झाली. वस्तुतः तेथे तसे काही होत नव्हते. पण जे दुसऱ्याला जमले आहे ते आपल्याला जमलेच पाहिजे, या ईर्ष्येने तो कामाला लागला आणि जे कोणीच केलेले नव्हते ते त्याने करून दाखवले. कोणत्याही वेड्यावाकड्या आकाराची जागा यंत्राला झटपट समजावी अशी त्याची युक्ती होती. तिला 'रीजन' असे नाव पडले. आपल्याकडे जमिनीच्या तंट्यात तलाठी नकाशा काढून अमुक कोपरा अमक्याचा असे दाखवतो ना, तेच काम, पण क्षणात शेकडो वेळा. लिसा या यंत्राचे काम चालू असताना अ‍ॅटकिन्सनची मोटार एका उभ्या मालमोटारीवर आदळली. जॉब्स धावत रुग्णालयात गेले. शुद्धीवर आलेल्या अ‍ॅटकिन्सनने त्यांना धीर दिला तो असा, की काळजी करू नका, रीजन अजून माझ्या लक्षात आहेत. माणूस खाटेवर पडला आहे आणि त्याला चिंता कसली, तर पडद्यावरच्या जागेची! अ‍ॅटकिन्सन २०२५ च्या जून महिन्यात वारले. आज आपण ज्या खिडक्या एकीवर एक सरकवतो त्यांच्या मुळाशी या माणसाचा एक गैरसमज आहे. गैरसमजातून इतके भले झाल्याची उदाहरणे इतिहासात फारशी नाहीत.

लिसा १९८३ मध्ये आली, मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी. मॅकिंटॉशमध्ये बटणे, सरकपट्ट्या वगैरे वस्तू घरच्या होत्या. पण एखाद्याला आपल्या आवडीची निराळी वस्तू हवी असेल तर ती रंगवण्याचा आणि दाबली गेली की नाही हे पाहण्याचा छोटा प्रोग्राम स्वतः लिहून जोडण्याची मुभाही होती. म्हणजे परक्या वस्तूला घरात जागा पहिल्या वर्षापासूनच होती.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने, जी नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आली, दुसरा विचार केला. तेथे मोठी खिडकी ही एक खिडकी, आणि तिच्या पोटातले बटण हीदेखील एक लहानशी खिडकीच. मोठीला 'पेरेंट' म्हणायचे, लहानीला 'चाइल्ड'. आई सरकली की मूल सरकते, आई झाकली की मूल झाकते, आईच्या चौकटीबाहेर मुलाला तोंड काढता येत नाही. अशा घरात दत्तक घेणे सोपे असते. दुसऱ्या कोणी बनवलेली लहान खिडकी आणून कडेवर दिली की आई तिला सांभाळते.

या सोयीचे सोने केले ते अ‍ॅलन कूपर यांनी. कूपर यांनी एकट्याने एक प्रोग्राम लिहिला होता. त्यात बटणे, याद्या, चौकटी अशा वस्तू एका फळीवर मांडलेल्या असत. तेथून उचलायची, खिडकीवर ठेवायची, की झाली आपली खिडकी तयार. १९८८ मध्ये त्यांनी तो बिल गेट्स यांना दाखवला आणि मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. कामाच्या काळात त्याला 'रुबी' म्हणत. पुढे त्याच नावाची एक प्रोग्रामिंगची भाषा जपानात निघाली, तिचा याच्याशी संबंध नाही. आता एखादा सामान्य कसबी माणूस काय करता? आपल्याला सुचलेल्या सगळ्या वस्तू फळीवर मांडून मोकळा झाला असता. कूपर यांनी फळीवर जागा रिकामी ठेवली. बाहेरच्या कोणीही आपली वस्तू बनवून आणावी आणि फळीवर मांडावी, प्रोग्रामला ती आपलीच वाटावी, अशी तजवीज त्यांनी केली. मायक्रोसॉफ्टने त्या प्रोग्रामला बेसिक ही सोपी भाषा जोडली आणि मे १९९१ मध्ये तो 'व्हिज्युअल बेसिक' या नावाने बाहेर काढला. त्या रिकाम्या जागेवर पुढे बाजार उभा राहिला. कोणी दिनदर्शिकेची चौकट विकू लागला, कोणी आलेखाची, कोणी तक्त्याची. बलुतेदारी म्हणा ना! लोहाराने लोहारकी करावी, कुंभाराने मडकी आणावीत, आणि घर आपले आपण बांधावे.

आता फ्रान्सकडे वळू, कारण आमच्या विद्यार्थ्याची खरी भक्ती तेथल्या एका माणसावर आहे. त्यांचे नाव झाँ-मारी उलो. जन्म १९५४ चा. पॅरिसजवळच्या सरकारी संशोधनसंस्थेत लिस्प या भाषेवर काम करीत असताना त्यांना वाटले की मॅकिंटॉशवर खिडक्या बनवणे फार कष्टाचे आहे. तेव्हा त्यांनी खिडक्या बनवणारी खिडकी बनवली. अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ती १९८६ मध्ये विक्रीला काढली आणि त्याच कंपनीच्या माणसाने उलो यांना जॉब्स यांच्यापुढे नेले. जॉब्स त्या वेळी अ‍ॅपलमधून बाहेर पडून नेक्स्ट नावाची नवी कंपनी चालवीत होते. त्यांनी ओळखले की हे रत्न आहे. उलो नेक्स्टमध्ये गेले, आणि १२ ऑक्टोबर १९८८ रोजी नेक्स्टचे ते काळेभोर, घनाकृती यंत्र लोकांपुढे आले तेव्हा त्याच्याबरोबर 'इंटरफेस बिल्डर' होता.

याचे विशेष काय? तर इतरत्र खिडकीचा आराखडा काढताना बटणाचे चित्र काढीत, आणि प्रोग्राम चालला म्हणजे चित्राच्या जागी बटण येई. उलो यांच्या खिडकीत आराखड्यात ठेवलेले बटण हे खरेच बटण असे. आराखडा साठवायचा म्हणजे त्या जिवंत वस्तूंनाच जणू वाळवून बरणीत भरायचे. हवे तेव्हा पाणी घातले की त्या पुन्हा टवटवीत. वाळवणातल्या कुरडया तळणीत फुलतात तसे. त्या बरणीला 'निब' म्हणत, म्हणजे 'नेक्स्ट इंटरफेस बिल्डर' याची आद्याक्षरे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्याच यंत्रावर. इतक्या थोड्या अवधीत तो होऊ शकला याचे पुष्कळसे श्रेय त्या यंत्रावरील अशा साधनांना दिले जाते.

परंतु येथेही परक्या वस्तूचा प्रश्न होताच. एखाद्याने आपली निराळी चौकट बनवली, समजा घड्याळाची. ती इंटरफेस बिल्डरच्या ओळखीची नाही. मग तो काय करी? त्या जागी एक करडा आयत ठेवी आणि त्यावर नाव लिही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे. घड्याळ दिसे ते प्रोग्राम चालू झाल्यावरच. आराखडा करताना घड्याळच दिसावे असे वाटत असेल, तर त्या घड्याळाला इंटरफेस बिल्डरच्या पोटात नेऊन बसवणारी एक जोडवस्तू लिहावी लागे. जुन्या काळी तिला 'पॅलेट' म्हणत, २००७ पासून 'प्लगइन'. माझ्या विद्यार्थ्याने उमेदवारीच्या दिवसांत पहिले काम केले ते अशाच एका प्लगइनचे. सहा महिने रात्री जागून, असे तो सांगतो. आणि मार्च २०११ मध्ये अ‍ॅपलने एक्सकोडची चौथी आवृत्ती आणली, इंटरफेस बिल्डर तिच्यात विलीन केला, आणि प्लगइनची सोय काढून टाकली. कारणे असतीलही. पण घडवलेली वस्तू मोडली नाही, चोरीला गेली नाही, फक्त ती ठेवायची जागाच राहिली नाही, हे दुःख कादंबरीकाराला समजावून सांगावे लागत नाही. आमची कित्येक पुस्तके याच अवस्थेत आहेत.

असो. दाराच्या कथेकडे परत येऊ.

सन कंपनीने १९९५ च्या मे महिन्यात जावा ही भाषा जाहीर केली तेव्हा तिचे वचन मोठे होते: एकदा लिहावे आणि कोणत्याही यंत्रावर चालवावे. सुरुवातीला जावाने प्रत्येक यंत्राच्या घरची बटणे घेतली. विंडोजवर विंडोजचे बटण, मॅकवर मॅकचे. पण बारा गावची दारे बारा मापांची! एका यंत्रावर बेताची दिसणारी खिडकी दुसऱ्यावर विसविशीत दिसे. तेव्हा १९९८ मध्ये 'स्विंग' नावाने त्यांनी दुसरा मार्ग धरला: कोणाची दारे नकोत, सगळे आम्हीच रंगवतो. रंगवलेल्यांना 'लाइटवेट' म्हणजे हलके म्हणू लागले, घरच्यांना 'हेवीवेट' म्हणजे जड. आणि मग जे आमच्या संमेलनात झाले ते जगभर होऊ लागले. कोणाला चलच्चित्राची चौकट हवी असे, ती जड. भोवतालचे सगळे हलके. रंगवलेली यादी खाली उलगडली की ती जड चौकटीच्या मागे जाई. का, ते आमच्या पडद्यावरून कळेल. पडद्यावर तुम्ही वडाचे झाड रंगवा, हत्ती रंगवा; तो दारापुढे कसा येणार? दार पडद्यातले नाहीच, ते पडद्याच्या भोकात उभे आहे. त्या काळच्या जाणत्यांचा उपदेश एवढाच होता की दोहोंची सरमिसळ करू नका. त्यावर उतारा सापडायला पुढे दहाएक वर्षे गेली.

२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफ नावाची नवी रंगशाळा आणली तेव्हाही हेच. तिच्यात जुन्या तऱ्हेची खिडकी बसवण्यासाठी खास चौकट दिली होती. बसवता येई, पण तिच्यावर काही रंगवता येत नसे, तिला तिरपी करता येत नसे, अर्धपारदर्शक करता येत नसे. या अडचणीला त्यांनी नाव दिले 'एअरस्पेस', हवाई हद्द. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका एका वेळी एकाच्याच हद्दीत. दुसऱ्याने तेथे उडायचे नाही. अ‍ॅटकिन्सनने ज्या जमिनीची मोजणी केली तिच्यावर असे आकाशाचे तंटे सुरू झाले.

अ‍ॅपलच्या घरात तर दोन बिऱ्हाडे होती. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलने नेक्स्ट कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, आणि जॉब्स, उलो यांची व्यवस्था अ‍ॅपलच्या वाड्यात राहायला आली. तिचे नाव झाले 'कोकोआ'. वाड्यातल्या जुन्या मॅक मंडळींची सोय 'कार्बन' या नावाने झाली. दोघांची चूल वेगळी, खिडक्या वेगळ्या. २००७ मध्ये आलेल्या लेपर्ड या आवृत्तीत एक वस्तू दिली गेली, जी बाहेरून कार्बनची दिसे आणि तिच्या पोटात कोकोआची चौकट नांदे. जुन्या सुनेच्या घरात नव्या सुनेचे माजघर! पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने सांगून टाकले होते की पुढच्या पिढीच्या चौसष्ट बिटांच्या यंत्रव्यवस्थेत कार्बनच्या खिडक्या येणार नाहीत. ज्या वर्षी दोघींचे जुळवले त्याच वर्षी एकीला निरोप. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीबरोबर बत्तीस बिटांचे प्रोग्राम चालेनासे झाले, आणि ते बिऱ्हाड कायमचे उठले.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, की गुरुजी, इतका त्रास आहे तर परके दार आणताच कशाला? सगळेच रंगवा. हाच प्रश्न मीही त्या रात्री विचारला. त्यावर विद्यार्थी म्हणाला, "सर, आपल्या शाळेच्या दाखल्यांचे काय झाले होते ते विसरलात?"

विसरलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत विद्यार्थ्यांची नोंद ठेवण्यासाठी संगणकाचा एक प्रोग्राम आणला गेला. कोणाचा ते सांगत नाही. तो दिसायला देखणा होता; त्यातल्या साऱ्या चौकटी त्याच्या त्यानेच रंगवलेल्या. इंग्रजी नावे मोत्यासारखी येत. पण 'स्मिता' लिहावे, तर स पाय मोडून एकटा पडे, म मोकळा राही, आणि म ची पहिली वेलांटी उडी मारून पुढच्या त च्या डोक्यावर बसे. 'श्रीकृष्ण' तर ओळखू येत नसे. मी कारकुनाला रागे भरलो. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. शाळा सोडल्याचा दाखला हा गरिबाच्या घरातला एकच महत्त्वाचा कागद असतो. तालुक्याच्या कचेरीत त्यावरील नाव जुळले नाही म्हणून आमच्या एका विद्यार्थिनीची आई वाडीवरून तीन वेळा शाळेत आली. तिसऱ्या वेळी दाखला माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या पोरीचे नाव मोडले हो यांनी." मी हाताने दुरुस्त करून सही-शिक्का देऊ लागलो, तर कचेरीत खाडाखोड चालेना.

दोष कोठे होता, ते आता मला कळते. संगणकात मराठी अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. 'स्मिता' म्हणजे आधी स, मग पाय मोडण्याची खूण, मग म, मग पहिली वेलांटी, मग त, मग काना. ही व्यवस्था भारतीय लिप्यांच्या सरकारी मानकावरून युनिकोडने १९९१ मध्ये घेतली. पण दिसताना वेलांटी उलटी चालत मागे आली पाहिजे, स अर्धा होऊन म ला चिकटला पाहिजे. इंग्रजीला यातले काहीच लागत नाही; तेथे आलेले अक्षर आल्या जागी ठेवले की झाले. मराठीसाठी साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांच्यामध्ये एक जाणता कारागीर बसावा लागतो. विंडोजमध्ये असा देवनागरी जाणणारा कारागीर २००० साली आलेल्या आवृत्तीपासून घरातच बसलेला आहे. त्याच्या हाती जो 'मंगल' नावाचा टंक दिला गेला, तो आपल्याच र. कृ. जोशी यांनी घडवलेला. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिकवणारे गुरू. २००८ मध्ये ते गेले. मराठी माणसाने विंडोजवर वर्षानुवर्षे वाचलेले अक्षर त्यांच्या हातचे होते, आणि बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक नाही. अक्षर घडवणाऱ्याचे असेच होते.

तर आमच्या प्रोग्रामने काय केले होते? घरात बसलेल्या या कारागिराला न विचारता, इंग्रजीच्या सवयीने, एकेक अक्षर आल्या क्रमाने रंगवले होते. देखण्या पडद्यापायी नाव मोडले.

प्रोग्राममध्ये बाहेरच्या माणसाने आपली चौकट जोडावी अशी जागा होती. कूपर यांची ती रिकामी फळी येथवर पोचली होती. दिवाळीच्या सुटीत गावी आलेल्या माझ्या विद्यार्थ्याने त्या जागेसाठी एक प्लगइन लिहिले. बाहेरून ती प्रोग्रामची चौकट. पोटात विंडोजच्या घरची, खरी, नेटिव्ह. नाव लिहिले जाते ते त्या खऱ्या चौकटीत, आणि कागदावर छापतानाही अक्षरे तोच घरचा कारागीर मांडतो. ऐकताना हे दोन ओळींचे काम वाटते. प्रत्यक्षात त्याचे चार दिवस गेले. पान वर सरकवले की रंगवलेले सारे वर जाई आणि खरी चौकट मागे रेंगाळे, अगदी आमच्या सागवानी दारासारखी. तेव्हा पडदा हलला की दाराला हाक मारण्याची व्यवस्था करावी लागली. मग टॅब दाबून पुढच्या रकान्यात जावे तर खरी चौकट कळफलक सोडीना. तिला हळूच, आता तुझी पाळी संपली, हे शिकवावे लागले. मोठा पडदा घेतला की सगळे मोठे होई आणि ही आपली लहानच राही. एकेक वळण लावीत त्याने तिला त्या घरची केली. पाचव्या दिवशी सकाळी मी स्वतः बसून 'स्मिता' लिहिले. वेलांटी आपल्या जागी येऊन बसली. 'श्रीकृष्ण' लिहिले, 'ज्ञानेश्वर' लिहिले, आमच्या गावातली कठीण आडनावे लिहून पाहिली. त्या बाईला निरोप धाडला. तिने दाखला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हते. तिच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवले.

झाँ-मारी उलो १७ जून २०१९ रोजी वारले. त्याच्या दोन आठवडे आधी, ३ जून रोजी, अ‍ॅपलने 'स्विफ्टयूआय' ही नवी पद्धत जाहीर केली होती. तीत वाळवलेल्या वस्तूंची बरणी नाही. सारे शब्दांत लिहायचे. उलो यांच्या कल्पनेचा मार्ग तेथून वेगळा झाला. पण जुन्या तऱ्हेची चौकट नव्या पद्धतीत बसवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावीच लागली. त्या सोयीच्या नावाची पहिली दोन अक्षरे 'एनएस' आहेत, आणि ती नेक्स्टस्टेपची, म्हणजे १९८८ च्या त्या काळ्या यंत्रावरच्या व्यवस्थेची आहेत.

हे लिहीत असताना विद्यार्थी यंदाही सुटीला आला आहे आणि आमच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला आहे. दाखल्याच्या प्रोग्राममध्ये एक खोड राहून गेली आहे: जन्मतारखेची यादी उलगडली की तिच्या शेवटच्या दोन ओळी नावाच्या खऱ्या चौकटीमागे जातात. ती यादीही आता खरी करावी की चौकटीलाच क्षणभर लपवावे, याचा खल चालू आहे. घरातून चकल्यांची ताटली बाहेर गेली तेव्हा त्याने ती बाजूला ठेवायला सांगितली. तेलकट बोटे कळफलकाला लागतील म्हणे. मी त्याला विचारले की येत्या संमेलनात आपल्या दाराचे काय करायचे. मान वर न करता तो म्हणाला, "सर, दाराला चाके लावा, आणि पडद्याची दोरी ओढणाऱ्याच्या हातातच दाराचीही दोरी द्या."

सुताराला सांगून आलो आहे.